जुन्या इंटरनेटच्या करामती: दुकानात येणारे नेहमी विचारतात ते प्रश्न

मालवणात आमचं झेरॉक्स, सातबारा, आधार, पॅनकार्ड असं सगळं करायचं दुकान आहे, पूर्वी ह्याच जागेत सायबर कॅफे होता. भिंतीवर जुन्या इंटरनेटच्या गमतींचे प्रिंट चिकटवून ठेवलेत. सर्व्हर डाऊन असला की लोकांना बसून राहण्यापलीकडे काम नसतं, मग ते वाचतात आणि विचारतात, आणि गणपतीत चाकरमानी आले की तेच प्रश्न परत पहिल्यापासून. तर एकदाच लिहून टाकतो.

ते कॉफीच्या भांड्याचं खरं आहे की असंच फेकलंय?

खरं आहे. इंग्लंडात केंब्रिज युनिव्हर्सिटीची कॉम्प्युटर लॅब, तिथे ट्रोजन रूम म्हणून एक खोली, आणि त्या खोलीच्या बाहेर कॉफीचं मशीन. लॅबमधली निम्मी मंडळी दुसऱ्या मजल्यांवर बसायची, जिने तुडवत यायचं आणि भांडं रिकामं. हे रोजचं झालं तेव्हा १९९१ साली तिथल्या दोघातिघांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि चित्र लॅबच्या नेटवर्कवर सोडलं, १२८ बाय १२८ पिक्सेल, काळंपांढरं, मिनिटाला दोनतीनदा बदलणारं. कॉफीला काही चित्रपट लागत नाही, भांडं भरलंय का एवढंच बघायचंय, तेवढ्याला ते पुरे.

नोव्हेंबर १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं आणि मग जगातले लोक केंब्रिजमधलं भांडं बघायला लागले, ज्यांना त्यातला एक घोट मिळायची शक्यता नाही असे. मच्छी मार्केटजवळचे एक काका हा प्रिंट बघून मला म्हणाले, "अरे पण ह्या कशाक होया होता?" कशाला नाय काका, जिना वाचवायला. आज घराघरात, बोटीवर, एटीएममध्ये नेटवरून बघायचे कॅमेरे आहेत, त्या सगळ्यांचा मूळ पुरुष तो. २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद झाला आणि ते बिघडलेलं भांडं ईबेवर लिलावात ३,३५० पौंडाला गेलं, जर्मनीच्या श्पीगल ऑनलाइन ह्या बातम्यांच्या साईटने घेतलं.

म्हणजे इंटरनेटला जोडलेली पहिली वस्तू हीच?

नाही, त्याच्याही आधी अमेरिकेत कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत कोकचं मशीन जोडलं होतं, १९८२ च्या आसपास. तिथलंही दुखणं तेच, लांब चालत जायचं आणि बाटली एक तर संपलेली नाहीतर नुकतीच भरलेली, कोमट. त्यांनी मशीनच्या आतल्या दिव्यांवर लक्ष ठेवणारी जोडणी केली, कुठल्या खणात बाटली आहे आणि कधीपासून आहे ते कॉम्प्युटर सांगायचा, आणि तीन तास झालेल्या बाटलीला "थंड" म्हणायचा. आळशी माणसं हुशार असली की असं होतं.

नेटवरचा सगळ्यात पहिला मेसेज काय होता?

"लो". २९ ऑक्टोबर १९६९, लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीतून स्टॅनफर्डच्या रिसर्च इन्स्टिट्यूटला इंग्रजीत "लॉगिन" टाईप करायचं होतं, एल आणि ओ ही दोन अक्षरं गेली आणि पलीकडची सिस्टीम बसली. तासाभराने परत केलं तेव्हा पूर्ण गेलं. सर्व्हर डाऊन म्हणून माझ्यावर ओरडणाऱ्यांना मी हा प्रिंट दाखवतो.

स्मायली कुणी काढली?

ह्यालाही तीच कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटी कारणीभूत. तिथल्या लोकांचा कॉम्प्युटरवर एक सार्वजनिक फळा होता, त्यावर १९८२ च्या सप्टेंबरात चर्चा चालू होती की दोर तुटून लिफ्ट खाली पडत असली तर आत ठेवलेल्या मेणबत्तीचं काय होईल, पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल वगैरे. कुणीतरी चेष्टेत लिहिलं की प्रयोगामुळे अमुक लिफ्टमध्ये पारा सांडलाय, जपून. झालं, काही लोकांना ते खरंच वाटलं. मग चेष्टा आहे हे कळायला खूण पाहिजे म्हणून सूचना आल्या, आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फाहलमन नावाच्या तिथल्या संशोधकाने लिहिलं की चेष्टेला :-) वापरा, आणि चेष्टा नसेल तिथे :-( ही वापरा. मूळ मेसेज हरवला होता, २००२ मध्ये जुन्या बॅकअप टेप धुंडाळून परत काढला.

माझं म्हणणं, ही खूण व्हॉट्सॲपवर आमच्या वाडीच्या ग्रुपला सक्तीची करायला हवी. तिथे अजून लिफ्टमधला पारा रोज सांडतो.

कबुतराने इंटरनेट चालवलं म्हणजे नक्की काय केलं?

हा माझा सगळ्यात लाडका प्रिंट आहे, तेव्हा जरा वेळ काढा.

इंटरनेट कसं चालवायचं ह्याचे नियम ज्या कागदपत्रांत असतात त्यांना आरएफसी म्हणतात, एकदम सरकारी थाटाची रुक्ष भाषा, नंबर टाकलेले. १ एप्रिल १९९० ला आरएफसी ११४९ निघाली, विषय काय, तर डेटा कबुतरांवरून कसा पाठवावा. भाषा तशीच रुक्ष, एकही शब्द हसत नाही. डेटाचं पॅकेट कागदावर छापायचं, गुंडाळी करून कबुतराच्या पायाला बांधायची, पलीकडे पोचलं की सोडून स्कॅन करायचं. एप्रिल फूल, सगळे हसले, विषय संपला.

संपला कुठला! ११ वर्षांनी, २८ एप्रिल २००१ ला, नॉर्वेच्या बर्गन शहरातल्या लिनक्सवाल्या पोरांनी (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक सिस्टीम, पण फुकट) ते खरोखर करून बघितलं, खरी कबुतरं घेऊन. पिंग म्हणून एक साधी कमांड असते, पलीकडच्या मशीनला "आहेस का?" विचारायचं आणि ते "आहे" म्हणतं, आपल्याकडे ह्याला सेकंदाचा काही हजारावा भाग लागतो. त्यांनी ९ पॅकेटं पाठवली, ४ उत्तरं आली, म्हणजे निम्म्याहून जास्त माल वाटेत गडप, आणि एका उत्तराला लागलेला वेळ कमीत कमी ५३ मिनिटं, जास्तीत जास्त पावणेदोन तास. पण आलं ना! नियमात लिहिल्याप्रमाणे आलं, आणि नोंद करायच्या प्रोग्रामने गडप झालेलंही निमूटपणे छापलं, ५५ टक्के लॉस म्हणून.

ह्याच्यापुढची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली, सप्टेंबर २००९. एका कंपनीचे लोक नेटच्या स्पीडला वैतागले आणि त्यांनी विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं मेमरी कार्ड बांधून सोडलं, अंतर साधारण ८० किलोमीटर. कबुतर १ तास ८ मिनिटांत पोचलं, कार्डावरचा डेटा कॉम्प्युटरवर उतरवून घेईपर्यंत सगळे मिळून २ तास ७ मिनिटं झाली, आणि तेवढ्या वेळात लाईनवरून गेला होता ४ टक्के. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आपटलं तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडात कित्येक दिवस ना लाईट ना रेंज, मुंबईची माणसं गावचा आवाज ऐकायला तरसली होती. त्या दिवसांत माणसाने मोटरसायकलवर चिठ्ठी नेणं हेच सगळ्यात जलद नेटवर्क होतं, तेव्हा विन्स्टनला हसायचं काम नाही.

किटलीचा एरर म्हणजे काय? मुलगा कॉलेजात शिकतो, तो सांगत होता.

मुलगा बरोबर सांगतोय. पेज सापडलं नाही की ४०४ येतं ते सगळ्यांना माहितीये, तसा ४१८ पण आहे, "मी किटली आहे". १ एप्रिल १९९८ ची आरएफसी २३२४, नेटवरून कॉफीचं मशीन चालवायचे नियम, त्यात म्हटलंय की कुणी किटलीला कॉफी करायला सांगितलं तर तिने हा एरर द्यावा, आणि उत्तर बुटकं आणि गुबगुबीत असलं तरी चालेल. २०१७ मध्ये हा नंबर काढून टाकायची टूम निघाली तर एका पंधरा वर्षाच्या पोराने मोहीम काढून तो वाचवला. कामाचं असं त्यात काही नाही, पण ठेवला.

मॉडेम तसा किंचाळायचा का?

हो. मॉडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरला नेट जोडून देणारा डबा, आणि जोडताना तो किंचाळायचा. नवीन पोरांना हा आवाज मोबाईलवर ऐकवला की ती कानात बोटं घालतात आणि चाळिशीच्या पुढचे गालात हसतात.

टेलिफोनची लाईन माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली, साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज तिच्यातून धड जातो. कॉम्प्युटरचा डेटा त्यातून न्यायचा तर त्याचा आवाज करायलाच पाहिजे. आधी डायल टोन, नंबर फिरवल्याचे टुकटुक, मग पलीकडचा मॉडेम एक लांब सूर लावतो, तो फोन कंपनीच्या यंत्रांना सांगतो की प्रतिध्वनी दाबायची तुमची सोय बंद करा, इथे माणूस बोलत नाहीये. मग दोघे मॉडेम लाईन चाचपतात, कुठला सूर नीट पोचतो, कुठे खरखर आहे, त्यावरून स्पीड ठरवतात, आणि शेवटी तो फस्स्स आवाज, तो म्हणजे डेटाच. तो लागला की स्पीकर आपोआप बंद व्हायचा. सुरुवातीला स्पीकर मुद्दाम चालू ठेवलेला, का तर लाईन एंगेज आहे की चुकून कुणाच्या घरी लागलाय आणि म्हातारी "हालो हालो" करतेय ते कळावं.

५६के, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट, म्हणायचे पण आपल्याकडे नारळाच्या झाडांतून लोंबत आलेल्या तारेवर ते स्वप्नच होतं. सेकंदाला ४ केबी मिळाले तरी ५ एमबीच्या एका गाण्याला वीसएक मिनिटं, तीही लाईन तुटली नाही तर. आणि पावसाच्या तोंडावर, मे संपताना संध्याकाळचा गडगडाट सुरू झाला की पहिलं काम म्हणजे फोनची पिन भिंतीतून उपटायची. मेन स्विच बंद करून काही उपयोग नाही, वीज फोनच्या तारेतून येते आणि मॉडेम जाळते, कधी मॉडेमच्या मागचा मदरबोर्डही. ही सवय इतकी लागलीये की आता फायबर आहे, काचेच्या तारेतून वीज येत नाही, तरी आमची आई ढग वाजला की ओरडते "पिन काढ रे!" आणि मी काढतो, राऊटरच्या लाईटची तरी.

तेव्हा मराठी कशी वाचायचे नेटवर?

आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा, मग वाचायचं. प्रत्येक साईटचा वेगळा फॉन्ट, शिवाजी, किरण, कृतिदेव, कुणाचा आणखी कुठला. युक्ती अशी होती की कॉम्प्युटरला वाटायचं इंग्रजी अक्षरं आहेत, फक्त त्या अक्षरांच्या जागी चित्रं मराठी बसवलेली, कुठे अर्धा श, कुठे नुसता काना, कुठे रफार. फॉन्ट असला तर अगदी सुंदर मराठी, नसला तर मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा मजकूर. आणि सर्च नावाला नाही, कारण शोधणाऱ्या मशीनला ते मराठी आहे हेच ठाऊक नाही.

आणि हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका, आजही लग्नसराईत पेन ड्राईव्हवर पत्रिका घेऊन माणसं येतात, मुंबईत डीटीपी केलेली, इथे उघडली की नवऱ्यामुलाच्या नावाच्या जागी कंस, टक्का आणि डॉलर. माणूस घाबरतो, व्हायरस आला म्हणतो. व्हायरस नाही हो, फॉन्ट नाही. पीडीएफ करून आणा, दहादा सांगितलंय.

युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला नंबर. त्यात देवनागरीला जागा १९९१ सालापासून होती, पण विंडोजला ती धड दाखवता यायला विंडोज २००० उजाडावं लागलं. एक्सपीमध्ये तर कंट्रोल पॅनेलच्या रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करायची, मग ते एक्सपीची सीडी मागायचं, सीडी कुणाकडे असायची, सगळा पायरेटेड कारभार! टिक नसली की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर जायची आणि जोडाक्षरं पाय मोडून पडायची. तरीही लोकांनी चिकाटीने केलं. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला. ज्यांनी त्या काळात फॉन्टशी कुस्ती करत मराठी टाईप केलं त्यांना माझ्या दुकानात झेरॉक्स फुकट, खरंच.

मुंबईत बसून गावच्या बागेला पाणी घालता येईल असं काहीतरी होतं म्हणे?

गावच्या नाही हो, पण होतं. टेलिगार्डन. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात केन गोल्डबर्ग आणि मंडळींनी एका गोल वाफ्याच्या मधोमध रोबोटचा हात बसवला आणि तो नेटवरून कुणालाही चालवायला दिला. सभासद व्हायचं, झाडांना पाणी घालायचं, भरपूर सेवा केली की बी लावायला मिळायचं. नंतर तो वाफा ऑस्ट्रियात लिंझ शहरातल्या म्युझियममध्ये नेला, तिथे तो २००४ पर्यंत चालला. हजारो लोकांनी कधी न बघितलेल्या वाफ्याची काळजी घेतली. जागेवरून भांडणंही व्हायची असं वाचलं की मला एकदम घरच्यासारखं वाटतं, फक्त तिथे कोर्टात जात नव्हते.

जिओसिटीज म्हणजे काय? प्रिंटवर तो खोदणारा माणूस का आहे?

फुकट पेज बनवायची जागा, १९९४ पासून. गंमत म्हणजे ती गावासारखी होती, कॉम्प्युटरवाल्यांची आळी वेगळी, सिनेमावाल्यांची वेगळी, उडत्या तबकड्यावाल्यांची वेगळी, आणि तुम्हाला आळीतला घर नंबर मिळायचा. प्रत्येक घरात मागे चांदण्या, लुकलुकणारी अक्षरं, किती पाहुणे आले त्याचा आकडा, पाहुण्यांची वही, आणि फावड्याने खोदणारा माणूस, म्हणजे "काम चालू आहे". ते काम कधी संपलं नाही, आमच्या हायवेसारखं. तिथेच १९९८ मध्ये कॅनडातल्या एका आर्ट शिकणाऱ्या मुलीने नाचणाऱ्या हॅमस्टरचं पेज केलं, चारच चित्रं पण ओळीने शेकडो, आणि मागे फास्ट केलेलं गाणं. बस एवढंच, आणि जग वेडं झालं.

याहूने १९९९ मध्ये जिओसिटीज अब्जावधी डॉलरला घेतलं आणि २००९ च्या ऑक्टोबरात बंद केलं. आर्काइव्ह टीम म्हणून हौशी लोक आहेत, त्यांनी शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढं उतरवून घेतलं. नाहीतर एवढी घरं एका रात्रीत गेली असती. मला त्या पेजांचं डिझाईन आवडत नाही, डोळे दुखतात, पण आताच्या सगळ्या एकसारख्या प्रोफाईल बघितल्या की तो खोदणारा बरा वाटतो.

ते एक डॉलरला एक ठिपकावालं पेज अजून आहे का?

आहे. २००५ मध्ये ॲलेक्स ट्यू नावाच्या इंग्लंडच्या २१ वर्षाच्या पोराला कॉलेजच्या खर्चाला पैसे हवे होते, त्याने दहा लाख पिक्सेल डॉलरला एक असे विकायला काढले, कमीत कमी शंभर घ्यायचे. शेवटचे हजार ईबेवर ३८,१०० डॉलरला गेले, एकूण १०,३७,१०० डॉलर. जाहिराती अजून दिसतात, क्लिक केलं की बऱ्याच दुकानांना टाळं.

दहा जणांना पाठवा नाहीतर अकाऊंट बंद, हे तेव्हाही होतं?

तेव्हाही कसलं, त्याच्या आधी पोस्टकार्डावर होतं. देवाचं नाव, इतक्या जणांना लिहा, अमक्याने लिहिलं नाही त्याचं नुकसान झालं. गावोगाव फिरली ती कार्डं. फुकट ईमेल देणारं हॉटमेल ४ जुलै १९९६ ला आलं आणि तोच मजकूर ईमेलवर चढला, देवाच्या जागी बिल गेट्स.

फार महागात पडलेलं पत्र मात्र ४ मे २००० चं, विषय "आय लव्ह यू", खाली प्रेमपत्राची फाईल. नावाच्या शेवटी टीएक्सटी दिसायचं पण खरं शेपूट व्हीबीएस होतं, म्हणजे प्रोग्राम, आणि विंडोज ते शेपूट लपवायचं. उघडली की फोटो पुसायचे आणि तेच पत्र तुमच्या ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना जायचं, साहेबांना, सासऱ्यांना, सगळ्यांना. बनवणारा फिलिपीन्सचा विद्यार्थी, आणि तिथे तेव्हा ह्याला लागू होईल असा कायदाच नव्हता, सुटला. काही आठवड्यांत तिथे कायदा झाला.

हे सगळं आता कुठे बघायचं?

वेबॅक मशीन, हे शोधा. इंटरनेट आर्काइव्हवाले १९९६ पासून पेजं जमवतायत आणि २००१ पासून ती सगळ्यांना बघायला खुली आहेत. जुन्या साईटचा पत्ता टाकायचा, वर्ष निवडायचं. चित्रं कधी कधी नसतात, धीर धरा. जगातली पहिली वेबसाईट, जिथे ती बनली त्या सर्न ह्या युरोपातल्या संशोधन संस्थेने परत उभी केलीये, तीही बघा, नुसता मजकूर आणि लिंका, आमच्या गावच्या नेटवरही झटकन उघडते.

घरी जुन्या फ्लॉपी सापडल्यात, उघडून द्याल का?

देतो, ड्राईव्ह आहे माझ्याकडे, पण स्वतः उद्योग करू नका. कोकणातल्या हवेत फ्लॉपीला बुरशी धरते. वरची पत्र्याची पट्टी सरकवा आणि आतली काळी चकती उजेडात फिरवून बघा, पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती कुठल्याही ड्राईव्हमध्ये घालू नका, बुरशी ड्राईव्हच्या हेडला लागते आणि मग पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून हलक्या हाताने पुसतो, पूर्ण सुकू देतो, मगच घालतो, आणि एकदाच वाचून लगेच कॉपी काढतो. पावसात हे काम घेत नाही, सुकतच नाही काही. दिवाळीनंतर आणा. आणि वर "पप्पा, हिशोब, कोणी उघडू नये" असं लिहिलं असेल तर आधी पप्पांना विचारून या, एका घरात त्यावरून बरंच झालंय.